मोठे फुटबॉल क्लब वर्षानुवर्षं वर कसे राहतात?

परभणीच्या एका तरुण प्रशिक्षकाने विचारलं आहे: "आमच्या क्लबाने सलग दोन वर्षं जिल्ह्याची स्पर्धा जिंकली. तिसऱ्या वर्षी सहा पोरं नीटच्या तयारीला लातूर-संभाजीनगरला गेली, गोलकीपर पुण्याला कंपनीत लागला आणि आम्ही पहिल्याच फेरीत घरी आलो. युरोपातले क्लब वीस-वीस वर्षं वर कसे राहतात, सर? सगळा पैशाचाच खेळ आहे का? आणि आमच्यासारख्यांनी त्यातून घ्यायचं काय?"

मी नांदेडला सत्तावीस वर्षं लेकरांना फुटबॉल शिकवतोय. तुमचं तिसऱ्या वर्षी जे झालं ते माझं तीन वेळा झालंय, म्हणून आधी त्याबद्दलच बोलतो. पैशाचा प्रश्न सोपा आहे, तो मागून घेऊ.

२०११ च्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाच महिने मैदानावर जाता आलं नाही. तोवर आमच्याकडे रोज सकाळी चौतीस पोरं यायची. बॉल, बिब, कोन, जाळ्या, फक्कीचं पोतं असं सगळं सामान मैदानाला लागून असलेल्या एका खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली माझ्या खिशात. मोठ्या पोरांनी आठ-दहा दिवस घरचा एक बॉल आणून, दोन दगडांचा गोल करून खेळ चालू ठेवला. मग तो बॉल बसला. किल्ली मागायला कोणी घरी आलं नाही, आणि बोलावून द्यावी असं मलाही सुचलं नाही. दिवाळीनंतर मी काठी टेकत मैदानावर गेलो तेव्हा नऊ पोरं उरली होती. त्या वर्षी आमचा एकही खेळाडू कोणी पळवला नव्हता, की कोणी देणगी बंद केली नव्हती. एक माणूस पाच महिने घरी बसला, एवढंच घडलं होतं.

तेव्हापासून मी मोठ्या क्लबांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. जिंकत असताना त्यांचं काय चाललंय हे बघणं सोडलं. कोणी निघून गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काय होतं, ते बघायला लागलो.

इंग्लंडच्या लिव्हरपूलचं घ्या. बिल शँक्ली १९५९ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. त्यांनी तो वर आणला, लीग जिंकली आणि जुलै १९७४ मध्ये अचानक पद सोडलं. गावात लोकांचा विश्वास बसेना. एवढा मोठा माणूस गेला म्हणजे आता क्लब खाली जाणार, असंच कुणालाही वाटलं असतं. झालं उलटं. त्यांचे सहायक बॉब पेस्ली यांनी नऊ वर्षांत सहा लीग विजेतेपदं आणि तीन युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) आणले. पेस्ली गेल्यावर दुसरे सहायक जो फेगन आले आणि पहिल्याच हंगामात लीग, लीग कप आणि युरोपियन कप असे तिन्ही घेऊन बसले. त्यांच्यानंतर संघातलाच खेळाडू केनी डॅल्ग्लिश प्रशिक्षक झाला आणि १९८६ मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही जिंकला.

हे कसं जमलं? ॲनफिल्ड मैदानाखाली बूट ठेवायची एक छोटी खोली होती, बूट रूम. सामना झाला की शँक्लींचे सहायक तिथे बसायचे आणि आज काय चुकलं, कोणाचा पाय दुखतोय, कोणाचं लक्ष कुठे आहे हे बोलायचे. सरावाच्या नोंदी वहीत राहायच्या: कोणत्या दिवशी काय केलं, कोण जखमी झालं, कशाने बरा झाला. पेस्ली तर १९३९ मध्ये खेळाडू म्हणूनच त्या क्लबात आले होते. शँक्ली गेले तेव्हा खुर्ची रिकामी झाली, पण डोकं त्याच खोलीत राहिलं. ही साखळी संपल्यानंतर मात्र १९९० चं लीग विजेतेपद मिळालेल्या लिव्हरपूलला पुढच्यासाठी २०२० उजाडावं लागलं. त्याला बाकीही कारणं आहेत, पण मला ही खोली विसरता येत नाही.

आता याच्या उलटं उदाहरण, आणि तेही सगळ्यात मोठ्या यशाच्या लगेच नंतरचं. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले. पहिला करंडक मिळायला १९९० उजाडलं, आणि त्या हंगामात संघ लीगमध्ये तेरावा होता. आपल्याकडे तेराव्या नंबरावर कोणी प्रशिक्षक ठेवेल का? पण त्या साडेतीन वर्षांत त्यांनी गावागावात पोरं हेरणारी माणसं नेमली आणि युवा संघ बांधला. १९९२ ची एफए युथ कप जिंकणाऱ्या संघात गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल होते. १९९३ मध्ये क्लबाला २६ वर्षांनी लीग मिळाली, आणि २०१३ पर्यंत तेरा वेळा मिळाली. मधल्या काळात फर्ग्युसननी स्टाम, बेकहॅम, व्हान निस्टेलरॉय असे घडलेले, गाजलेले खेळाडू सोडून दिले. संघाचा उतार लागायच्या आत नवा संघ उभा करायचा, हे त्यांचं काम होतं.

मग २०१३ चा उन्हाळा आला. फर्ग्युसन निवृत्त झाले. त्याच उन्हाळ्यात क्लबाचे मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडलं. नवे प्रशिक्षक डेव्हिड मोयेस यांनी स्वतःची माणसं आणली, त्यामुळे माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन हे जुने सहायकही गेले. जुना खेळाडू पॉल स्कोल्स निवृत्त झाला. मोयेस यांना सहा वर्षांचा करार दिला होता आणि दहा महिन्यांत काढलं. त्यानंतर युनायटेडने पैसा कमी खर्च केला असं कोणीही म्हणणार नाही, पण लीगचं विजेतेपद २०१३ चं ते शेवटचं. लोक म्हणतात फर्ग्युसन गेले म्हणून असं झालं. माझं मत वेगळं आहे. खेळाडूंचा बाजार, ड्रेसिंग रूम आणि सराव या तिन्हींतलं ज्यांना कळत होतं ती सगळी माणसं एकाच उन्हाळ्यात गेली. एकटे फर्ग्युसन गेले असते आणि बाकीचे राहिले असते, तर पेस्लींसारखं काही घडायला निदान जागा तरी राहिली असती.

तुमच्या सहा पोरांना हे लागू पडत नाही असं वाटेल. ते तर खेळाडू होते. म्हणून ॲम्स्टरडॅमच्या आयॅक्सकडे या.

आपल्याकडे सोयाबीनवाला शेतकरी काय करतो? माल बाजारात जातो, पण पुढच्या पेरणीचं बियाणं घरात राहतं. मृगाच्या आधी त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि आठवड्याने उघडून किती उगवले ते बघतात. क्लबाचं बियाणं म्हणजे चांगले खेळाडू, असं मी बरीच वर्षं समजत होतो, आणि म्हणून एखादं पोरगं पुण्याला निघालं की मला राग यायचा. आयॅक्सने माझी ही समजूत दुरुस्त केली. १९९५ मध्ये त्यांनी इटलीच्या मिलानला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, गोल केला तो अठरा वर्षांच्या क्लायव्हर्टने. त्याच वर्षाच्या डिसेंबरात युरोपियन न्यायालयाचा बॉस्मन निकाल आला, करार संपलेल्या खेळाडूला जुन्या क्लबाला फी न मिळता जायची मोकळीक मिळाली आणि काही वर्षांत तो सगळा संघ पांगला. २०१९ मध्ये पुन्हा तरुण संघ त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला, कर्णधार डी लिख्त एकोणीस वर्षांचा. लगेच डी लिख्त आणि डी याँग दोघंही गेले. तरी २०२१ आणि २०२२ ची डच लीग आयॅक्सनेच जिंकली! त्यांच्या सगळ्या वयोगटांचे संघ पिढ्यान्पिढ्या साधारण एकाच पद्धतीने खेळत आले, त्यामुळे वरच्या संघातली जागा रिकामी झाली की खालच्या पोराला तिथे उभं राहून काय करायचं हे आधीच माहीत असायचं.

मग क्लब खाली कधी आला? फेब्रुवारी २०२२ मध्ये खेळाडू निवडणारे संचालक ओव्हरमार्स गेले, त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक टेन हाग गेले, मे २०२३ मध्ये मुख्य कार्यकारी व्हान डेर सार गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयॅक्स डच लीगमध्ये अठरापैकी अठराव्या नंबरावर होता. खेळाडू तर ते आधीपासून विकतच आले होते, त्याने क्लब कधी तळाला गेला नाही. ओव्हरमार्स यांना जावं लागलं ते सहकारी महिलांना पाठवलेल्या गैर संदेशांमुळे, आणि तसं जाणं योग्यच होतं. पण तिन्ही खुर्च्यांमागे तयार माणूस नव्हता. माझ्या लेखी खेळाडू हा माल आहे, तो बाजारात जाणारच आणि जावाच. बियाणं म्हणजे शिकवणारी आणि निवडणारी माणसं. तुमच्या क्लबात ती किती आहेत, ते तुम्ही लिहिलं नाही. एकटे तुम्हीच असाल, तर सहा पोरं गेली नसती तरी आज ना उद्या हे झालंच असतं.

आता पैसा. पगारावर जास्त खर्च करणारा क्लब साधारणपणे वरच असतो, हे खरं आहे आणि नाकारून उपयोग नाही. पण पैसा फार तर वर चढवतो. लीड्स युनायटेडने पुढच्या हंगामांच्या तिकीटविक्रीवर कर्ज काढून खेळाडू घेतले. २००१ मध्ये ते चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होते, २००४ मध्ये पहिल्या श्रेणीतून बाहेर आणि २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत. पॅरिसच्या पीएसजीने २०१७ मध्ये एकट्या नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले, पुढे मेस्सीही आणला, एम्बापे होताच, तरी चॅम्पियन्स लीग आली नाही. ती आली २०२५ मध्ये, हे तिघंही गेल्यानंतर. प्रशिक्षक लुइस एन्रिके यांनी तरुण, धावणारा संघ बांधला होता. अंतिम सामन्यात इटलीच्या इंटरवर ५-० असा विजय, त्यात दोन गोल एकोणीस वर्षांच्या दुएचे. पैसा त्या संघातही भरपूर लागला आहे, ते लपवायचं कारण नाही. लिव्हरपूलने मात्र २०१८ च्या जानेवारीत कुटिन्योला बार्सिलोनाला विकलं, आणि त्याच वर्षी व्हान डाइक आणि गोलकीपर अलिसन घेतले. कोणती जागा पोकळ आहे हे त्यांना विकण्याआधीच ठाऊक होतं. पुढच्या दोन वर्षांत चॅम्पियन्स लीग आणि लीग दोन्ही आली.

आपल्या देशात तर एकाच खिशावर चालणारे क्लब आपण डोळ्यांदेखत बंद पडताना पाहिले. फगवाड्याच्या जेसीटीने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती, तो २०११ मध्ये बंद झाला. आपल्या मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा विजेता, २०१० मध्ये बंद. दोन्ही चांगले चालवलेले क्लब होते. कंपनीने ठरवलं, विषय संपला. कोल्हापूरला बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ पेठांचे आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ जाते. तिथे देणगीदार बदलतात, खेळाडू या तालमीतून त्या तालमीत जातात, पण पेठ कुठे जाणार? मराठवाड्यात आपल्याला तालमींची ती परंपरा फुटबॉलमध्ये मिळाली नाही. आपले क्लब एखाद्या सरांचे, नाहीतर एखाद्या नेत्याचे असतात. सरांची बदली झाली किंवा नेता निवडणूक हरला की जर्सीचा रंगही राहत नाही.

"आपल्याकडे पोरंच नाहीत" असं मला कोणी म्हटलं की मी बिल्बाओचं नाव घेतो. स्पेनचा ॲथलेटिक बिल्बाओ फक्त बास्क प्रदेशातले किंवा तिथे घडलेले खेळाडू खेळवतो. तो सगळा प्रदेश जेमतेम तीस लाख लोकांचा. १९२९ मध्ये स्पॅनिश लीग सुरू झाली तेव्हापासून रिअल माद्रिद आणि बार्सिलोना सोडले तर कधीही खालच्या श्रेणीत न गेलेला हा तिसरा क्लब. २०२४ मध्ये त्यांनी चाळीस वर्षांनी कोपा देल रे ही स्पेनची कप स्पर्धा जिंकली आणि नदीतून होडी काढून गावाने ती साजरी केली. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या एक कोटी सत्त्याऐंशी लाख होती. पोरं आहेत. बिल्बाओने बाहेरून घ्यायची वाट स्वतःच बंद केली, म्हणून त्यांना लेझामाच्या अकादमीत प्रत्येक पोरावर जीव लावावा लागतो. आपली वाट तर पैशाने आधीच बंद केलेली आहे, मग आपण तेवढा जीव का लावत नाही, हे मला मनापासून विचारावंसं वाटतं.

तुमच्यासाठी नेमकं काय, ते आता सांगतो. हे सगळं मी करून बघितलेलं आहे.

तुमचा एकच संघ आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं, सगळी सोळा-सतरा वर्षांची पोरं. मग सहा जण एकदम जाणारच, कारण बारावी सगळ्यांची एकाच वर्षी येते. दहा-बाराचा एक गट आणि तेरा-पंधराचा एक गट आजच सुरू करा, सामने खेळले नाहीत तरी चालतील. आणि त्या गटांना तुम्ही स्वतः शिकवू नका. अकरावी-बारावीला गावातच राहणाऱ्या मोठ्या पोरांतून चार जण निवडा आणि एकेकाला आठवड्यातला एक दिवस द्या. तुम्ही लांब, बांधावर बसा. शंभर दाणे गोणपाटात घालण्याचं काम हेच. चारांतले दोन शिट्टी वाजवून ओरडतच राहतील. एखादा मात्र खाली बसेल, लेकराचा पाय हातात धरून बॉलला आतली बाजू कशी लावायची ते दाखवेल. तो तुमचा पेस्ली. त्याला एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, लायसन्स कोर्सला पाठवा आणि फी क्लबाच्या पैशातून भरा. त्या वर्षी नव्या जर्सी नाही घेतल्या तरी चालतील.

मैदानाचा विचार करून खेळायची पद्धत ठरवा, आणि ती सगळ्या गटांना एकच ठेवा. आपलं मैदान मुरमाचं. काळ्या मातीचं असेल तर एप्रिलमध्ये भेगा आणि जुलैमध्ये चिखल. पाणी मारावं म्हटलं तर २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मैदानासाठी पाणी मागायची हिंमत कोणाला झाली असती? मुरमावर बॉल उसळतो आणि वेडावाकडा येतो, त्यामुळे आमच्या पोरांचा पहिला टच टीव्हीत दिसतो तसा होत नाही. आम्ही ठरवलं की बॉल येतानाच अंग आडवं लावायचं, मांडीने किंवा छातीने मारून तो पुढ्यात पाडायचा आणि दुसऱ्या टचला पास. दहा वर्षांच्या लेकरापासून हेच. मोठ्या संघात कोणी नवीन आलं तरी त्याला बोलून सांगावं लागत नाही.

आमच्याकडच्या ज्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला जातात, ती दिवाळीनंतर फडावर जातात आणि उन्हाळ्यातच परततात. मी पूर्वी त्यांची नावं कापायचो. ती फार मोठी चूक होती. माझ्या हाताखालून गेलेल्यांतली सगळ्यात चिवट दोन पोरं त्यांतलीच होती. आता त्यांची वही वेगळी आहे. जाताना एक जुना बॉल बरोबर देतो आणि मार्चनंतरच्या सरावाला त्यांना थेट त्यांच्याच गटात घेतो.

वहीचं सांगायचं राहिलं. दोनशे पानी, साधी. तारीख, कोण आलं, काय सराव घेतला, कोणाला काय लागलं. सराव संपल्यावर ज्याने सराव घेतला त्यानेच लिहायचं, मी नाही. परवा एका पोराचा घोटा तिसऱ्यांदा मुरगळला म्हणून मागची पानं चाळली. तिन्ही वेळा शनिवार होता. शनिवारी आम्ही शाळेच्या पलीकडच्या उताराच्या पट्टीवर सराव घेतो. ती पट्टी आता बंद केली.

जाणाऱ्या पोराला अडवू नका. फक्त जाण्याआधी त्याची नोंदणी तुमच्या क्लबाच्या नावाने एआयएफएफच्या ऑनलाइन प्रणालीत झालेली असू द्या, आणि ती बाराव्या वर्षापासूनच करा. फिफाचा नियम असा आहे की करार चालू असताना परदेशी क्लबाने फी मोजून खेळाडू नेला, तर त्या फीचे पाच टक्के त्याच्या बारा ते तेवीस वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. आपल्या पोराच्या बाबतीत हे कधी घडेल तेव्हा घडेल, पण नोंदच नसली तर त्या दिवशी हातात काहीच नसेल. तोवर त्याच्याकडून एक शब्द घ्या: सुट्टीला गावी आला की दोन दिवस छोट्या गटाचा सराव घ्यायचा. बाहेर गेलेली तुमची सहाही पोरं हे आनंदाने करतील, विचारून बघा.

आणि गोलकीपर. एकच गोलकीपर ठेवणं हा आपल्या भागातल्या क्लबांचा जुना रोग आहे, कारण ग्लोव्हजची एकच जोडी असते. आम्ही तीन जोड्या घेतल्या, सगळ्यात छोटी मुलांच्या मापाची. ती सध्या एका बारा वर्षांच्या मुलीकडे आहे. बुधवारी मोठी पोरं तिला शॉट मारतात, सुरुवातीला हळू मारायची, आता हळू मारत नाहीत. सामानाच्या खोलीच्या किल्ल्याही तीन आहेत. एक माझ्याकडे, एक गेली चार वर्षं सराव घेणाऱ्या मुलाकडे, आणि तिसरी तिच्याकडे, कारण मैदानावर सगळ्यात आधी तीच येते.